पावसाचें भय

साकीनाक्याच्या लोकांस 26 जुलै ही तारीख निराळी सांगावी लागत नाहीं. सन 2005 मध्यें त्या दिवशीं सांताक्रूझ येथील वेधशाळेंत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यास त्याचा दशांशहि पडला नाहीं. मिठी नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली, आणि साकीनाक्यास डोंगराची दरड कोसळून पायथ्याचीं घरें गाडलीं गेलीं. सत्तरच्या आसपास माणसें या एका ठिकाणीं मृत्युमुखीं पडलीं. पडलेल्या घराचा पंचनामा करतां येतो. जें मूल त्यांतून वांचलें त्याच्या मनाची विचारपूस कोणी करावयाची?

अशा प्रसंगानंतर मुलें निराळींच वागूं लागतात. पत्र्यावर सर वाजली कीं एखादें आईस घट्ट धरून बसतें. एखादें जाणतें असूनहि अंथरूण ओलें करतें. कोणी मातीचें घर करून तें पुन्हां पुन्हां पाडण्याचाच खेळ खेळतें. वर्गांत लक्ष लागत नाहीं. आम्ही शिक्षक अशा मुलास निष्काळजी म्हणून मोकळे होतों, हें कबूल केलें पाहिजे. घरीं त्यास भित्रा म्हणतात. परंतु 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां जाड दगडी भिंतींखालीं आपलीं माणसें गेलेलीं ज्यांनीं पाहिलीं, ते धट्टेकट्टे शेतकरीहि पुढें कित्येक दिवस छपराखालीं निजावयास धजले नाहींत. त्यांस भित्रे कोण म्हणेल?

"तें आतां काढूं नकोस," असें पालक प्रेमानेंच सांगतात. मूल त्यावरून एवढेंच समजतें कीं ही गोष्ट आईबापांसहि सोसवत नाहीं, आणि मग तें एकटेंच तिच्याशीं झुंजतें. याच्या उलटहि एक चूक होते. आलागेला पाहुणा त्यास पुढें बसवून "काय काय पाहिलेंस, सांग" म्हणतो. एके काळीं तज्ज्ञहि आपत्तीनंतर एकाच बैठकींत सारी हकीकत वदवून घेत असत. पुढें तपासाअंतीं त्या पद्धतीचा उपयोग दिसून आला नाहीं, कांहींस तर अपायच झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेंत बोलण्याची सक्ती करूं नये असें म्हटलें आहे, तें यामुळेंच. मूल बोलेल तेव्हां हातांतलें काम बाजूस ठेवून ऐकावें. न बोलेल तर नुसतें जवळ बसावें. शाळा लवकर सुरू व्हावी, जेवणनिजण्याच्या वेळा पूर्ववत् व्हाव्यात.

पालकहो, "आतां असें कधींच होणार नाहीं" असें वचन मात्र कृपा करून देऊं नका. ज्यांचें घर आजहि डोंगराच्या पायथ्याशीं आहे (तेथें कोणी हौसेनें राहत नाहीं, हें आम्ही जाणतों) त्यांच्या मुलाचें भय खोटें नाहीं. रात्रीं पाऊस वाढला तर कोणत्या वाटेनें कोणाकडे जावयाचें, हें त्यास दिवसाउजेडीं चालून दाखवावें. विजेरी उशाशीं ठेवण्याचें काम त्यालाच सांगावें. महिना उलटूनहि झोप येत नसेल, अन्न जात नसेल, तर डॉक्टरांस दाखवावें. सरकारची टेलि-मानस ही सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळते, आणि तेथें मराठींतहि बोलतां येतें.

आमच्या शिक्षकबंधुभगिनींस एक विनंती आहे. यंदा जोराच्या पावसांत एखादें मूल जागेवरून उठून खिडकीशीं गेलें, तर त्यास लगेच खालीं बसवूं नये.