ओस्नाब्रुकच्या संपादकाचा हिशेब

तालुक्याच्या पत्रांत काम करणाऱ्या आणि गावांचा इतिहास लिहिणाऱ्या आपल्या वाचकांनी युस्टुस म्योझर यांचे काम अभ्यासावे. वायव्य जर्मनीतल्या ओस्नाब्रुकमध्ये १७२० साली जन्मलेले हे वकील १७९४ मध्ये तिथेच वारले. ओस्नाब्रुकच्या छोट्या संस्थानाचा कारभार पाहताना त्यांनी १७६६ मध्ये साप्ताहिक सुरू केले आणि १७८२ पर्यंत त्याचे संपादन केले. पत्र मुख्यतः जाहिराती आणि सरकारी सूचनांचे होते. पुरवणीत म्योझर लिहीत.

त्या भागातले खंडकरी दर उन्हाळ्यात गवत कापायला आणि दलदलीतले जळण खणायला हॉलंडला जात. परमुलखात त्यांची शरीरे झिजतात, म्हणून हे जाणे वाईट, असा आक्षेप होता. १७६७ मध्ये म्योझर यांनी नुसता उपदेश केला नाही, हिशेब मांडला. मजूर किती कमावतो, किती घरी आणतो आणि त्या पैशाविना त्याचा खंड कसा भागेल, हे विचारून त्यांनी जाण्याच्या बाजूने कौल दिला.

हीच नजर त्यांच्या इतिहासात उतरली. १७६८ च्या ‘ओस्नाब्रुकचा इतिहास’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी राजांऐवजी सामान्य जमीनधारक हा राष्ट्राचा खरा घटक मानला आणि त्याची स्थित्यंतरे शोधा, असे सांगितले. जर्मन विचारवंत हेर्डर यांना हे इतके मोलाचे वाटले, की १७७३ च्या आपल्या संग्रहात त्यांनी ती प्रस्तावना कवी गटे यांच्या लेखासोबत घेतली. पुरवणीतले लेख म्योझर यांची कन्या येनी फॉन फोइग्ट्स यांनी १७७४ पासून पुस्तकरूपात आणले, त्यामुळे ते टिकायला मदत झाली.

म्योझर यांचे सगळेच स्वीकारावे असे नाही. भूदासप्रथेचे आणि जन्मसिद्ध उतरंडीचे त्यांनी केलेले समर्थन चूकच होते. गावाची घडी जवळून ओळखणाऱ्याला ती घडीच न्याय्य वाटू लागते. हा धोका आपल्या क्षेत्रात आजही आहे.

पद्धत मात्र घेण्याजोगी आहे. आपल्या भागातून हंगामी कामाला कोण जाते, उचल किती घेते, परतताना हाती काय उरते, हे नोंदवा. लिलावाच्या नोटिसा आणि बाजारभावही जपा. अंकांची बांधणी करून एक संच गावच्या वाचनालयात ठेवा. उद्याच्या इतिहासकाराला अग्रलेखांइतकीच या नोंदींची गरज पडणार आहे.