औषधसंशोधनाचा पाणवठा खुला करा!

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले आणि चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्ट-कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण ठराव दप्तरात राहिला आणि तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. त्यानंतरही उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला १९३७ साल उजाडले.

या सगळ्या लढ्यात कायद्याच्या दृष्टीने एक साधी कसोटी होती. पैसा कोणाचा? पैसा जनतेचा असेल तर वापरही जनतेचा. हीच कसोटी पुढे संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये आली. राज्याच्या निधीतून चालणाऱ्या विहिरी, तळी, घाट आणि रस्ते जातीच्या कारणावरून कोणालाही बंद करता येणार नाहीत, असे ते कलम सांगते. हे कलम प्रयोगशाळेतल्या माहितीला लागू होते असा माझा दावा नाही. पण त्यामागचे तत्त्व आज अशा एका ठिकाणी लावण्याची गरज आहे, जिकडे आपल्या चळवळीचे अजून लक्ष गेलेले नाही. ते ठिकाण म्हणजे औषधसंशोधनाची प्रयोगशाळा, आणि तिथे तयार होणारी चाचण्यांची माहिती.

नवे औषध एका दिवसात सापडत नाही. हजारो रासायनिक संयुगे घेऊन ती रोगजंतूवर, पेशींवर किंवा शरीरातल्या एखाद्या प्रथिनावर तपासावी लागतात. बहुतेक संयुगे निकामी ठरतात, थोडी कामाची निघतात. यालाच स्क्रीनिंग म्हणतात. कोणते संयुग, किती मात्रेत, कशावर तपासले आणि काय परिणाम झाला, या नोंदींचा तक्ता हीच संशोधनाची खरी कमाई असते.

अशी माहिती जगाला खुली करणारी दोन मोठी कोठारे आज इंटरनेटवर आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००४ मध्ये पबकेम सुरू केले. इंग्लंडमधील हिंक्स्टन येथील युरोपीय जैवमाहिती संस्थेने २००९ मध्ये केम्बल खुले केले. पबकेममध्ये दहा कोटींहून अधिक संयुगांची नोंद आहे. दोन्ही ठिकाणी माहिती पाहायला पैसे लागत नाहीत, जमा करायलाही लागत नाहीत. सुरगाण्याच्या कॉलेजातला विद्यार्थी आणि अमेरिकेतल्या कंपनीचा संशोधक यांना तिथे सारखाच प्रवेश आहे. हा सारखेपणाही सुखासुखी मिळालेला नाही. रासायनिक माहितीचा सशुल्क संग्रह चालविणाऱ्या अमेरिकन केमिकल सोसायटीने २००५ मध्ये पबकेमला मर्यादा घालाव्यात म्हणून अमेरिकी संसदेकडे धाव घेतली होती. पाणवठा खुला होऊ लागला की कोणाची तरी हरकत येतेच, मग देश कोणताही असो!

माहिती जमा करण्याचे काम अवघडही नाही. संस्थेच्या नावाने खाते उघडायचे. संयुगांची रचना संगणकाला वाचता येईल अशा ठराविक रूपात द्यायची. चाचणी कशी केली, कशावर केली, मात्रेचे एकक कोणते, हे लिहायचे. मग प्रत्येक संयुगापुढे ते परिणामकारक ठरले, निकामी ठरले की निष्कर्ष निघाला नाही, हे नोंदवायचे आणि आकडे भरायचे. तपासणीनंतर त्या चाचणीला कायमचा क्रमांक मिळतो. माहिती लगेच उघड करायची नसेल तर काही मुदतीपर्यंत रोखून धरण्याचीही सोय आहे.

आता आपल्या नाशिककडे पाहू. येथील फार्मसी कॉलेजांत एम. फार्म.ची मुले वर्ष-दीड वर्ष राबतात. कोणी वीस संयुगे तयार करतो, कोणी पन्नास. जंतूंवर त्यांच्या चाचण्या होतात. मग त्या आकड्यांचे काय होते? काळ्या पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा प्रबंध बांधला जातो आणि ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन पडतो. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर ठेवण्याचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये केला. पण पदव्युत्तर प्रबंधांना तशी सक्ती नाही, आणि शोधगंगेवरचा प्रबंधही नुसती पाने असतात. त्यातला तक्ता संगणकाला शोधता येत नाही. त्यामुळे एका कॉलेजात निकामी ठरलेले संयुग दुसऱ्या कॉलेजातला विद्यार्थी पुन्हा तयार करतो आणि पुन्हा निकामी ठरवितो. रसायनांचा खर्च दोनदा, आयुष्यातली उमेदीची वर्षे दोनदा!

यात आपल्या मुलांचे आणखी एक नुकसान आहे. राबायचे विद्यार्थ्याने आणि निबंधावर पहिले नाव दुसऱ्याचे, ही तक्रार विद्यापीठांत नवी नाही. ज्याच्या पाठीशी घराणे नाही, ओळखपाळख नाही, त्याच्यावर हा अन्याय लवकर होतो. खुल्या कोठारात तारखेसह, क्रमांकासह आणि विद्यार्थ्याच्या नावासह जमा झालेली माहिती हा त्याच्या श्रमाचा पुरावा ठरतो. पुरावा असला की भांडता येते, हे वकिलाने वेगळे सांगायला नको.

पण खरा प्रश्न रोग्यांचा आहे. सिकलसेल हा आजार महाराष्ट्रात कोणाच्या घरात आहे? विदर्भातल्या बौद्ध समाजात आहे, नंदुरबार, धुळे, गडचिरोली आणि नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तपासणी होते, कार्डे वाटली जातात, पण औषधांचे काय? आजही मुख्य आधार हायड्रॉक्सियुरियाचा. हे संयुग एकोणिसाव्या शतकात तयार झाले, पुढे कर्करोगात वापरले गेले आणि सिकलसेलसाठी अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. व्होक्सेलोटोर नावाचे नवे औषध २०१९ मध्ये तिथे आले. त्याची किंमत आपल्या माणसाच्या आवाक्याबाहेरची होती, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने ते जगभरातून मागेही घेतले. दुसरीकडे अमेरिकेच्या सरकारी संशोधकांनी २०२२ मध्ये बारा हजारांहून अधिक जुनी-नवी संयुगे सिकलसेलच्या पेशींवर तपासून कोणती उपयोगी दिसतात ते प्रसिद्ध केले. जुन्या संयुगात नवा उपयोग दडलेला असू शकतो. तो शोधायला मात्र माहिती उघडी असावी लागते.

खासगी कंपनीलाही हे जमते. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने सुमारे वीस लाख संयुगे हिवतापाच्या जंतूवर तपासली आणि त्यातल्या परिणामकारक १३,५३३ संयुगांची माहिती २०१० मध्ये केम्बलमध्ये खुली केली. आपल्याकडेही सीएसआयआरने २००८ मध्ये क्षयरोगासाठी खुल्या औषधसंशोधनाचा प्रकल्प सुरू केला होता. देशभरातले विद्यार्थी त्यात उतरले होते. पुढच्या दशकात त्याचा जोर ओसरला. क्षयरोगाचा जोर मात्र ओसरला नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आजही भारतात आहेत, आणि ते बहुतांश कोणत्या वस्त्यांत राहतात हे आपल्याला ठाऊक आहे.

माहिती उघडी असण्याचा कायदेशीर फायदाही मोठा आहे. जे आधीच प्रसिद्ध झाले आहे ते नवे म्हणून कोणाला पेटंट करता येत नाही. पेटंट कायद्याच्या कलम २५ (१) खाली पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो, आणि आधी प्रसिद्ध झालेली माहिती हे अशा हरकतीचे मोठे हत्यार असते. बेडाक्विलिन या क्षयरोगाच्या औषधावरची मक्तेदारी आणखी चार वर्षे लांबविण्यासाठी केलेल्या अर्जाला मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी हरकत घेतली. दोघीही क्षयरोगातून वाचलेल्या, उपचारांत श्रवणशक्ती गमावलेल्या. २३ मार्च २०२३ रोजी पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. उद्याच्या अशा हरकतींना पुरावा आज आपल्या प्रयोगशाळांतूनच पुरविता येईल.

यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की, मग आमचे पेटंट बुडेल. ज्या संयुगात खरोखर दम आहे त्याचा तात्पुरता अर्ज आधी दाखल करावा आणि मग माहिती जमा करावी, कायद्यात त्याला वाट आहे. पण निकामी ठरलेल्या शेकडो संयुगांचे पेटंट कोण घेणार आहे? दुसरा आक्षेप असा की, आमची माहिती परदेशी कोठारात का द्यायची? फरिदाबादला २०२२ पासून भारतीय जैविक माहिती केंद्र आहे. रासायनिक चाचण्यांच्या माहितीसाठी तशी देशी सोय सरकारने जरूर उभारावी. पण ती होईपर्यंत कपाटाला कुलूप, हा देशाभिमान नव्हे. आज औषध शोधणारे संगणक याच खुल्या माहितीवर शिकविले जात आहेत. ज्यांच्या आजाराच्या चाचण्या कोठारात नाहीत, त्यांच्यासाठी तो संगणक काय शोधणार?

तिसरा मुद्दा आक्षेपाचा नाही, जबाबदारीचा आहे. पेठ-सुरगाण्याच्या वैदूंनी सांगितलेल्या वनस्पतीतून काढलेले संयुग आणि प्रयोगशाळेत घडविलेले संयुग यांत फरक केला पाहिजे. हळदीवरचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, कारण जुन्या लेखी नोंदी दाखविता आल्या. आदिवासींचे ज्ञान तोंडी असते, त्यामुळे ते चोरणे सोपे असते. तिथे ग्रामसभेची परवानगी, जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे लाभातला वाटा आणि नोंदीत त्या समाजाचे नाव, हे आधी. माहिती उघडी करण्याचा प्रश्न त्यानंतर.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. सरकारी अनुदानातून झालेल्या प्रत्येक स्क्रीनिंगची माहिती, अपयशासह, ठराविक मुदतीत खुल्या कोठारात जमा करणे ही अनुदानाची अट असावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांनी पदव्युत्तर प्रबंधांनाही तो नियम लावावा. नोंदीत विद्यार्थ्याचे नाव असलेच पाहिजे. बार्टीने विज्ञान शाखेच्या फेलोशिपधारकांना माहिती जमा करण्याचे प्रशिक्षण द्यावे.

सार्वजनिक पैशातून तयार झालेली माहिती जनतेला देण्याचे राष्ट्रीय धोरण केंद्राने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. महाडचा ठरावही १९२४ मध्ये झालाच होता! म्हणून फार्मसी आणि रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांनी स्वतःच्या प्रबंधातला तक्ता जमा करण्याची मागणी मार्गदर्शकांकडे लेखी करावी. शहरातल्या वकील बांधवांनी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून विद्यापीठांना विचारावे की गेल्या पाच वर्षांत किती संयुगांच्या चाचण्या झाल्या आणि त्यांपैकी किती जगाला उपलब्ध करून दिल्या. उत्तर काय येते ते पाहू, आणि पुढचे पाऊल त्यावर ठरवू.