सिकलसेलच्या लेकरांची रात्र कोण तपासणार?

मूल रात्री जोरात घोरते, तोंड उघडे ठेवून श्वास घेते, दचकून उठते आणि शाळेत पेंगते. घरचे त्याला आळशी म्हणतात, मास्तर मठ्ठ ठरवतात. पण झोपेत श्वास अडणे हा आजार आहे. त्याचे निदान होते, उपचारही होतो. हे आधी आपल्या समाजाने समजून घेतले पाहिजे.

गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण इथे सिकलसेल आहे. विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी समाजात त्याचे प्रमाण मोठे. रक्तातला प्राणवायू घटला की या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उठतात. झोपेत श्वास अडला की प्राणवायूच घटतो. म्हणजे दिवसा औषध द्यायचे आणि रात्री आजाराला मोकळे रान सोडायचे!

निदानासाठी रुग्णाला एक रात्र तपासणी कक्षात झोपवतात. मेंदूच्या लहरी, श्वास, हृदयाचे ठोके, प्राणवायू यांची नोंद घेतात. प्रौढाचा श्वास तासाला सरासरी ५ किंवा अधिक वेळा अडत वा मंदावत असेल तर तो आजार. ३० च्या पुढे तीव्र. मुलांसाठी निकष याहून कडक आहे. वाढलेले टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढल्यावर पुष्कळ मुलांना आराम पडतो. प्रौढांना नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र देतात. ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ साली हा उपचार जगापुढे मांडला. म्हणजे ज्ञान नवे नाही. प्रश्न ते कुणापर्यंत पोहोचते, हा आहे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. रक्त तपासून हातात कार्ड दिले की शासनाची जबाबदारी संपते काय? दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. त्याच कायद्याचे कलम २५ उत्पन्नाच्या अटीवर मोफत आरोग्यसेवा 'परिसरात', विशेषतः ग्रामीण भागात, द्यायला सांगते. रामलीला मैदान प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने झोपेला कलम २१ च्या जीवनाच्या हक्कात स्थान दिले. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या मजुराला रोजी बुडवून नागपूर गाठायला लावणे, ही परिसरातली सेवा नव्हे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. सिकलसेलच्या प्रत्येक मुलाच्या घोरण्याची आणि झोपेची चौकशी नोंदवहीत यावी. संशय आल्यास त्याची झोप-तपासणी आणि पुढील उपचार २०१६ पासून सुरू असलेल्या गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातच, मोफत व्हावेत. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या रुग्णांची यादी करून लेखी अर्ज द्यावेत आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार हवेत विरते. पोच असलेला अर्ज न्यायालयात उभा राहतो.