पगार चालू असला तरी आयुष्मान कार्ड मिळते

राज्य सरकारची नोकरी बहुतेकांची अठ्ठावन्नाव्या वर्षी संपते. काम संपतेच असे नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात, विट्याच्या यंत्रमागांवर, साताऱ्याच्या एमआयडीसीत रात्रपाळीच्या पहाऱ्यावर सत्तरी ओलांडलेली माणसे दिसतात. त्यांच्यातल्या अनेकांचा समज असा, की पगार चालू आहे तोवर सरकारी विमा आपल्यासाठी नाही. हा समज चुकीचा आहे.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांसाठी खुली झाली. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग पाहिला जात नाही. वय आधार कार्डावरून धरले जाते. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात; नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. जुना मधुमेह किंवा हृदयविकार असला तरी संरक्षण पहिल्या दिवसापासून लागू होते. कामगार विमा योजनेचे (ईएसआय) सभासदत्व किंवा खासगी पॉलिसीही आड येत नाही.

सातारा हा फौजींचा जिल्हा. मिलिटरी अपशिंगेसारख्या गावांतील माजी सैनिकांना मात्र ईसीएचएस किंवा आयुष्मान यांतील एकच निवडावे लागते. ईसीएचएसमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधेही मिळतात. आयुष्मान प्रामुख्याने भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. त्यामुळे शेजाऱ्याने कार्ड काढले म्हणून ईसीएचएस सोडणे शहाणपणाचे नाही.

साठ ते सत्तर वयाच्या लोकांनीही हात हलवत बसू नये. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता उत्पन्न न पाहता सर्व कुटुंबांसाठी आहे.

अमेरिकेत पासष्टीनंतर मेडिकेअरची नोंदणी लांबवली, तर काहींना जन्मभर जादा हप्ता भरावा लागतो. आपल्याकडे असा दंड नाही, म्हणून चालढकल होते. त्याची किंमत आजारपणात कळते. अर्धांगवायूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नेमक्या त्याच वेळी घरचे लोक आधारला जोडलेला मोबाईल कोणाचा, हे शोधत असतात.

बोटांच्या ठशांचीही अडचण आहे. जन्मभर खुरपे, पाटी, पोती हाताळलेल्या हातांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा घेत नाही. म्हणजे ज्याने सर्वांत जास्त राबले, त्याचीच ओळख आधी नाकारली जाते! अशा वेळी परत फिरू नये. मोबाईलवरचा ओटीपी, डोळ्यांची बुबुळे किंवा चेहरा यांवरूनही ओळख पटवता येते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र हे काम करून देतात. आधारवरील जन्मवर्ष चुकले असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे; त्याला वेळ लागतो.

रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या या कार्डावर मिळत नाहीत. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शासकीय रुग्णालयाची बाह्यरुग्ण खिडकी आहेच. कामाची पाळी सांभाळून महिन्यातून एकदा तिथे जावेच लागेल.