बीएसडब्ल्यूच्या पोरांनी वस्तीत येऊन काय विचारायचं?

परभणीत बारावीनंतर बीएसडब्ल्यूला जाणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतली पोरंपोरी बरीच दिसतात. "त्यात नोकरी कुठं लागते?" असं घरचे विचारतात. प्रश्न खराच आहे. पण आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ही पदवी आपल्या पोरांना आपल्याच वस्तीकडे कोणत्या नजरेनं पाहायला शिकवते?

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधान प्रतिकृतीची विटंबना झाली. मग बंद, धरपकड. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. पुढं काही आठवड्यांनी क्षेत्रकार्याचे विद्यार्थी आमच्या कामाच्या वस्तीत आले. हातात प्रश्नावली. घरात व्यसन आहे का? संडास आहे का? बचत किती? ज्या घरातला पोरगा उचलून नेला होता, तिथंही हेच. आपल्याच समाजाच्या एका मुलीनं त्याच्या आईचं म्हणणं लिहून घेतलं, तर सरांनी "हे विषयाबाहेरचं आहे" म्हणत ते पान अहवालातून काढायला लावलं.

विषयाबाहेरचं कसं? या पोरांना समाजकार्याचा इतिहास लंडनच्या १८६९ च्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीपासून सांगतात, शिकागोच्या हल हाऊसवरून १९३६ च्या टाटा संस्थेपर्यंत आणतात. शिकावं ते. पण १४ नोव्हेंबर १९३२ ला बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना लिहिलेलं पत्र ऐकलंय का विचारलं, तर पोरं एकमेकांकडे बघतात.

खरं तर त्या पत्रात समाजकार्याचा अख्खा सिद्धांत आहे. माणसाची दुर्दशा त्याच्याच वागण्यातून येते असं मानलं, की दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालय हे कार्यक्रम निघतात. ती परिस्थितीतून येते असं मानलं, की परिस्थितीशी भिडावं लागतं. बाबासाहेबांनी दुसरी बाजू घेतली. विहीर, शाळा, चावडी यांवरच्या हक्कासाठी मोहीम काढा, संघर्ष होईल तो होऊ द्या, आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतलेच घ्या, असं त्यांनी कळवलं. पत्राची साधी पोचही आली नाही, हे त्यांनीच पुढं लिहून ठेवलंय.

व्यसन खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. व्यसनमुक्तीचं काम आम्हीही करतो. पण प्रश्नावली तिथंच संपत असेल, तर आपली पोरं आपल्याच लोकांची झडती घेणारे कारकून होतील.

ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. ती झाली का, पीडितांना अर्थसहाय्य मिळालं का, हे माहितीच्या अधिकारात मागवणं हे क्षेत्रकार्य का नाही? कुणाची शिष्यवृत्ती अडकलीय, कुणाचं गायरान, हे शोधणं का नाही?

ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. काढलेलं पान तिनं टाकलेलं नाही. या रविवारी ती विहारात येणार आहे, माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला.