बुंदी रायत्याची दादागिरी

नांदेड-लातूरच्या रस्त्यावरच्या ढाब्यापासून पुण्यातल्या 'अस्सल गावरान' थाळीपर्यंत दह्याचा एकच पदार्थ हमखास मिळतो. बुंदी रायता. गोडमिट्ट दही, त्यात फुगलेली बुंदी, वर लाल तिखटाची चिमूट. आणि आपण मुकाट्याने खातो. माझा याला सरळ आक्षेप आहे.

एक तर नावच चुकीचं. राई म्हणजे मोहरी. रायतं म्हणजे मोहरी फेसून घातलेलं, नाकात झिणझिण्या आणणारं. लाल भोपळ्याचं रायतं आपल्याकडे असंच करतात. बुंदी रायत्यात मोहरी शोधून दाखवा!

दुसरं म्हणजे, मराठवाड्यात दह्याचं तोंडी लावणं ताटातच तयार होतं. कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची कोरडी चटणी डब्यात कितीतरी दिवस टिकते. दही मात्र ताजंच हवं. भाकरी वाढली की चटणीला आळं करायचं, दही ओतायचं, कालवायचं. आधीच कालवून ठेवलं तर जवस बुळबुळीत होतो. आमच्या धंद्याच्या भाषेत, हे लिंकिंग रनटाइमला होतं :) ठेच्याबरोबर दही घेतात तेही उगाच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्याने हटत नाही, दह्यातलं केसिन त्याला धरून ठेवतं.

यावर लोक म्हणतात, "अरे, हे घरचं साधं खाणं, हॉटेलात पैसे देऊन कोण खाईल?" मग वडापाव काय राजवाड्यातून आला? दही-धपाटे पैसे देऊन खातातच ना?

आणि प्रश्न फक्त जिभेचा नाही. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, त्याला दोष देणारे आपण कोण? पण कारळ, जवस, करडई मागे पडली ती पडलीच. लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आहे, ते चांगलं वाण देईल. गिऱ्हाईक कुठून देणार? चटणी कोणी मागितलीच नाही तर कारळ पेरायचं कशाला?

मार्च २०२३ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दक्षिणेतल्या दूध संघांना पाकिटावर 'दही' हा शब्द छापायला सांगितलं. तमिळनाडूने 'थयिर'साठी असा आवाज उठवला की काही दिवसांत आदेश बदलावा लागला. ते एका शब्दासाठी भांडले. आपण आख्खा पदार्थ गेला तरी वेटरला विचारत नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी विचारा, "दादा, साधं दही आणि कारळाची चटणी आहे का?" तो नाही म्हणेल. हरकत नाही, त्याच्या पुढच्या वेळीही विचारा. रोज दहा टेबलांवरून हाच प्रश्न आला तर मालक चटणी आणेल, कारण त्याला धंदा कळतो.