खिसा, ओढणी आणि शासन निर्णय

पहिलीचा वर्ग जमिनीवर बसतो, म्हणून मीही जमिनीवरच बसते. कुणाचं नाक पुसायचं, कुणाचा हात धरून 'अ' गिरवून घ्यायचा. उठबस तर दिवसभर चालूच. म्हणून माझ्या कुर्त्यांना मी शिंप्याकडून दोन्ही बाजूंना खोल खिसे लावून घेते: एकात खडू, दुसऱ्यात रुमाल आणि मोबाइल. ओढणी घेत नाही, कारण ती वाटेत स्कूटीच्या चाकाकडे ओढ घेते आणि वर्गात मुलांच्या मुठीत सापडते. मागे शाळेला भेट द्यायला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी माझ्या मुलांचं वाचन ऐकलं आणि जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, ओढणी घेत जा. बरं दिसतं." वाचनाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. ते मला अजून लागून राहिलं आहे.

पुढे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं राज्यभरच्या शिक्षकांचा पेहरावच ठरवून दिला. बाईंनी साडी, नाहीतर सलवार किंवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा. सरांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. जीन्स नको, टी-शर्ट नको, गडद रंग नको, नक्षी-चित्रांचे कपडे नकोत. त्यामागचं कारण सगळ्यांना पटण्यासारखं वाटतं: मुलं शिक्षकांकडे बघून शिकतात, तेव्हा पेहराव शोभनीय हवा.

मुलं बघून शिकतात हे खरंच आहे. म्हणून तर माझा आक्षेप आहे. गडद रंग अशोभनीय असेल, तर माझ्या आजीची लाल टोपपदराची इरकल अशोभनीय ठरते, काळी चंद्रकळा ठरते, खणाची चोळीही ठरते. या मातीतलं सगळ्यात देखणं कापड गडदच आहे. आणि चित्रं? माझ्या एका कुर्त्यावर वारली चित्रं आहेत. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणारी माणसं मोजत माझ्या वर्गातली दोन मुलं वीसपर्यंत आकडे शिकली. एक चुकला, की दुसरा माझ्या गुडघ्यावर बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. हा कुर्ता वर्गाबाहेर ठेवण्यात शिक्षणाचं कोणतं भलं आहे, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

दुसरं म्हणणं असं, की आपली मतं, आपली ओळख घरी ठेवावी. नोकरीच्या जागी फक्त काम आणावं. पण हे सरकारनं स्वतःच मानलेलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी जे परिपत्रक निघालं, त्यात शुक्रवारी खादी वापरायला सांगितलं होतं. खादी हे केवळ कापड नाही, तो एक विचार आहे, हे ठाऊक असल्याशिवाय कुणी असं सांगेल का? म्हणजे कपडे मूल्यं बोलतात हे मान्य आहे. मग ती मूल्यं निवडायची कुणी, एवढाच प्रश्न उरतो. माझं उत्तर स्पष्ट आहे: ज्याच्या अंगावर कपडे आहेत, त्यानं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला सांगितलं, जातीची खूण म्हणून अंगावर वागवलेले दागिने उतरवायला सांगितलं. कपडा ही क्षुल्लक बाब असती, तर त्या परिषदेत त्यांनी त्यावर वेळ खर्च केला नसता.

यावर गणवेशाचा दाखला दिला जातो. गणवेशानं गरीब-श्रीमंत भेद झाकला जातो, माणूस ओळखू येतो. बरोबर आहे, आणि नर्सच्या, पोलिसाच्या गणवेशाला माझा काडीचाही विरोध नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात फिरत्या यंत्रापाशी काम करणाऱ्यासाठी अंगाबरोबर बसणारे कपडे सांगितले होते, आणि ते मालकानं पुरवायचे होते. कारण कामात होतं, खर्च मालकाचा होता. दुपट्ट्यामागे असं कोणतं काम उभं आहे?

कपड्यांवर कामाचा हक्क कुठवर चालतो, हे मला आनंदीबाई जोशींकडे बघून कळतं. १८८३ मध्ये त्या फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकायला गेल्या. तिथल्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात, म्हणून त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. थंडीनं मागितलं तेवढं त्यांनी दिलं. साडी मात्र सोडली नाही, कारण ती सोडायला ना थंडी सांगत होती, ना अभ्यास. १८८५ च्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात जपानी आणि सीरियन सहाध्यायिनींशेजारी त्या साडीतच बसल्या आहेत, आणि त्या दोघीही आपापल्या देशाच्या वेशात. पुढच्याच वर्षी आनंदीबाईंना पदवी मिळाली.

सरकारला मागे येता येतं. २०२० च्या परिपत्रकातली जीन्सवरची बंदी काही महिन्यांतच, २०२१ मध्ये, उठवली गेली. शिक्षकांचा नियमही तसाच पुन्हा उघडावा. त्याआधी नियम लिहिणाऱ्यांनी एक दिवस पहिलीच्या वर्गात, जमिनीवर, मुलांच्या मध्ये बसावं आणि बाईंना विचारावं, की कामाला काय लागतं. मी तरी खिसे सांगेन.